जुनी स्नोमोबिल घेताय? किंमत ठरवताना या चुका टाळा

गुलमर्गला किंवा सोलंगला पर्यटकांना बर्फावरून फिरवणारी ‘स्नो स्कूटर’ अनेकांनी पाहिलेली असते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टारिओ, क्वेबेक या अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ पट्ट्यात तीच गाडी, म्हणजे स्नोमोबिल, एके काळी गावोगाव होती. १९७०च्या दशकातल्या स्की-डू, पोलॅरिस, आर्क्टिक कॅट आजही तिथल्या शेडमधून बाहेर निघतात, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी माणसालाही कधीतरी शेजारी विचारतो, ‘घेतोस का?’ किंमत मात्र दोघांनाही धड ठाऊक नसते. विकणारा इंजिनाचं कौतुक सांगतो, घेणारा रंग बघतो, आणि पैसे जातात तिसरीकडेच: ट्रॅकमध्ये (गाडीला पुढे ढकलणाऱ्या खालच्या रुंद पट्ट्यात) आणि हरवलेल्या सुट्या भागांमध्ये.

जुनी म्हणजे महाग, हा समज

बॉम्बार्डिए कंपनीने पहिली स्की-डू १९५९मध्ये क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावातून बाजारात आणली. त्या पहिल्या काही वर्षांतली पूर्ण गाडी मिळाली तर भाव संग्राहकच ठरवतात. पण १९७१च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या आसपास गाड्या खपत होत्या आणि शंभराहून जास्त कंपन्या त्या बनवत होत्या. म्हणून १९७२ची एखादी साधी, घरच्यांनी मिळून चालवायची गाडी पन्नाशी उलटली तरी दुर्मीळ होत नाही. उलट त्याच दशकाच्या शेवटची, वेगवान ४४० सीसीची गाडी तिच्यापेक्षा महाग जाते, कारण आज खिशात पैसे असलेल्या माणसांना तरुणपणी तीच हवी होती.

स्की-डू इलान हे आणखी एक उदाहरण. १९७१पासून १९९६पर्यंत ती जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. हलकी, साधी आणि भाग सहज मिळणारी असल्यामुळे तिला गिऱ्हाईक कायम असतं. पण ते चालवायला घेणारं गिऱ्हाईक असतं, संग्राहक नव्हे. त्यामुळे ‘दुर्मीळ इलान’ अशी जाहिरात दिसली तर मॉडेल आणि साल विचारून घ्या.

बॉनेटवरचं नाव वाचून भाव लावणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. स्की-डूने ‘ब्लिझार्ड’ हे नाव १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या गाड्यांना दिलं, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ५५००, ६५००, ७५००, ९५०० अशा आकड्यांसह सर्वसामान्य गिऱ्हाइकांच्या गाड्यांनाही दिलं. नाव एक, भावात जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय नव्याने छापलेले स्टिकर आज सहज मिळतात. साध्या मॉडेलच्या बॉनेटवर शर्यतीच्या मॉडेलचे स्टिकर चिकटवायला एक दुपार पुरते.

म्हणून आधी सिरियल नंबर. तो बहुतेक गाड्यांत टनेलवर, म्हणजे सीटखालच्या लांब पत्र्याच्या सांगाड्यावर, उजव्या बाजूला असतो: कधी पत्र्यावर ठोकलेला, कधी रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर. पट्टीचे रिव्हेट नवे चकचकीत आणि आजूबाजूचे जुने काळवंडलेले असतील तर ती पट्टी दुसऱ्या गाडीवरून आली असू शकते. इंजिनाचा नंबर वेगळा असतो. त्या सालच्या कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये मॉडेल नंबर आणि इंजिनाचा प्रकार दोन्ही सापडतात. ते जुळले नाहीत तर गाडी चालेल, पण ‘ओरिजिनल’चा भाव देऊ नका.

‘चालू आहे’ यावर विश्वास ठेवणं

तुम्ही पोचण्याआधी इंजिन तापवून ठेवलेलं असेल तर अर्धी परीक्षा बुडाली. फोनवरच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावून बघा. धड असलेली गाडी थंडीत चोक किंवा प्रायमर देऊन पाच-दहा वेळा दोरी ओढल्यावर सुरू व्हायला हवी.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. दोन्ही प्लग काढा आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर इग्निशन कॉइल जायची भीती असते. प्लगच्या जागी दाब मोजणारं गेज घट्ट बसवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा पुढे सरकायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. पाच-सहा झटक्यांत काटा थांबतो. थ्रॉटल दाबायचं विसरलात तर हवा आत जात नाही आणि चांगलं इंजिनही कमजोर दिसतं. नेमकं उलट घडतं ते सिलिंडरमध्ये कुणी नुकतंच ऑइल सोडलेलं असेल तेव्हा: झिजलेल्या रिंगांच्या फटी ऑइलने बुजतात आणि आकडा फुगतो. काढलेले प्लग ऑइलने निथळत असतील तर इंजिन थोडं चालवून, ते जाळून मगच पुन्हा मोजा.

फॅनने थंड होणाऱ्या बहुतेक जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत ११० ते १३० पीएसआय (दाबाचं एकक) आलं की ठीक समजा. १००च्या खाली आलं तर पिस्टन-रिंगांचा खर्च धरा. दोन सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा, आणि आमच्या मते एकूण आकड्यापेक्षा हा फरकच जास्त बोलतो. दोन्हीकडे १०५ असलेलं इंजिन सारखं झिजलंय. एकीकडे १२५ आणि दुसरीकडे ९५ असेल तर त्या दुसऱ्या बाजूला काहीतरी घडलंय, आणि ते शोधल्याशिवाय नव्या रिंगाही टिकणार नाहीत.

बऱ्याचदा दोष क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, सीलचा असतो. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली की सीलचं रबर कडक होतं आणि तिथून जादा हवा आत शिरते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते आणि वंगण कमी पडतं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासू लागतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत, किंवा ते स्वतःहून चढतात. विकणारा म्हणेल, ‘कार्बोरेटर थोडा ट्यून करायचाय.’ सील ठीक असल्याचं सिद्ध होईपर्यंत त्याचाच खर्च धरा.

एक्झॉस्ट काढू दिला तर मिस्त्रीकडेही जायला नको. स्प्रिंगा किंवा नट सोडून मफलर बाजूला करा, पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली न्या. गावाकडे आरएक्स १००चा ब्लॉक उघडलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. गुळगुळीत, फिकट तपकिरी पिस्टन चांगला. उभे ओरखडे आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम दिसलं की इंजिन एकदा तरी धरलेलं, म्हणजे जाम झालेलं आहे. शेवटी क्लचचं तोंड धरून क्रँक वर-खाली हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेलं, आणि ते बदलायला पूर्ण इंजिन उघडावं लागतं.

टाकीचं झाकण उघडून बघायलाही विसरू नका. जुन्या बऱ्याच गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावं लागतं. मॉडेल आणि ऑइलप्रमाणे २० ते ५० भाग पेट्रोलला १ भाग. प्रमाण किती ठेवता, असं विकणाऱ्याला सहज विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर त्या इंजिनात कधीतरी नुसतं पेट्रोल गेलं असण्याची शक्यता धरा.

ट्रॅक न फिरवता सौदा करणं

शेडमध्ये गाडी जमिनीला टेकलेली असते आणि ट्रॅकचा दिसतो तो वरचा एक कोपरा. मागची बाजू उचलून ठोकळ्यावर ठेवा आणि ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कडा फाटल्यात का, आतले दोरे दिसतात का, लग (ट्रॅकवरचे रबरी उंचवटे) तुटलेत का, उंदरांनी कुरतडलंय का, हे बघा. रबरी ट्रॅकमध्ये आडव्या फायबरग्लासच्या कांड्या असतात. ट्रॅक दोन्ही हातांनी दुमडल्यासारखा दाबत पुढे जा. जिथे तो एकदम लुळा पडतो तिथली कांडी तुटली आहे. आर्क्टिक कॅटच्या अनेक जुन्या मॉडेलांत रबरी पट्ट्यांवर पोलादी आडव्या पट्ट्या बसवलेला ट्रॅक असे. त्यात वाकलेल्या आणि तुटलेल्या पट्ट्या मोजा, बोल्टची भोकं ओघळलीत का पाहा.

१५ इंच रुंद आणि १२१ इंच परिघाचा ट्रॅक आजही मिळतो. माप त्याहून वेगळं असेल, किंवा लगमधलं अंतर पुढच्या ड्राइव्ह स्प्रॉकेटच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांशी जुळत नसेल, तर शोधाशोधीला महिने जातात. साध्या गाडीला नवा ट्रॅक लागत असेल तर तोच खर्च कधीकधी गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत पोचतो.

ट्रॅक वर असतानाच टनेलच्या आत डोकवा. सस्पेन्शनचे बोल्ट जिथे टनेलला धरतात तिथे पत्र्याला तडे जातात. त्यावर आतून पत्र्याची चकती रिव्हेट केलेली असेल तर दुरुस्ती ठीक आहे की नाही ते बघा, पण भाव मात्र उतरवा.

बंद पडलेल्या कंपनीला घाबरणं, पण चुकीच्या कारणासाठी

रप, स्नो-जेट, स्कॉर्पियन, जॉन डीअर (हो, ट्रॅक्टरवाली, तिने १९८४पर्यंत स्नोमोबिलही बनवल्या). ‘कंपनीच नाही, मग इंजिनाचे भाग कुठून आणायचे?’ ही भीती बहुतेक वेळा उगाच असते. बऱ्याच कंपन्या इंजिन बाहेरून घ्यायच्या. स्नो-जेटमध्ये यामाहाचं, जुन्या आर्क्टिक कॅटमध्ये कावासाकीचं, पोलॅरिसमध्ये फुजीचं, आणखी कुणात कोहलर, साक्स, हिर्थ किंवा जेएलओ. तेच इंजिन अनेक गाड्यांत बसलेलं असल्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट मिळतात. टिलटसन किंवा मिकुनी कार्बोरेटरचं किट तर किरकोळ खर्चाचं काम.

मिळत नाही ते बॉनेट, डॅशबोर्ड, हेडलाइटभोवतीची रिंग, एअर सायलेन्सर, क्रोमचा मागचा बंपर, बेल्टवरचं झाकण, कंपनीचं चिन्ह. हे भाग त्या एका मॉडेलचे आणि त्या एका सालचे असतात. जाम झालेलं इंजिन पण सगळे भाग जागेवर, अशी गाडी आणि चालू इंजिन पण बॉनेट दुसऱ्याच गाडीचं, अशी गाडी यांत आम्ही पहिलीला जास्त पैसे देऊ.

बॉनेट बाहेरून नाही, आतून तपासा. फायबरग्लासला तडे जातात ते हेडलाइटच्या कडेला आणि बिजागऱ्यांपाशी. बाहेरून पुटी आणि रंग मारला की काही कळत नाही, पण आतल्या बाजूला नवं कापड आणि रेझिनचे ओघळ लपत नाहीत.

नव्या रंगाला भुलणं

ओरखडे असलेला कंपनीचा मूळ रंग, मूळ स्टिकर आणि न उसवलेलं मूळ सीट कव्हर यांना जाणकार गिऱ्हाईक ताज्या रंगापेक्षा जास्त भाव देतं. रंग नवा आहे का ते वायरिंगवर, रिव्हेटच्या डोक्यांवर आणि हेडलाइटच्या रबरावर उडालेल्या कणांवरून कळतं. सीटवर गुडघा टेकवून जोर द्या. फोममधून पाणी निघालं तर कव्हर कितीही छान असो, आतला सगळा फोम काढावा लागेल. मीटरवरच्या मैलांना फार किंमत देऊ नका, त्याची केबल तुटून मीटर वर्षानुवर्षं थांबलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

जाहिरातीतल्या भावावरून हिशेब मांडणं

जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ निवडून प्रत्यक्ष मिळालेले आकडे बघा, तेही त्याच मॉडेलचे आणि त्याच अवस्थेतले. ऋतूही बघा: पहिल्या बर्फाच्या तोंडावर भाव चढतात, एप्रिलमध्ये शेड रिकामी करायची घाई असते.

रीत समजावी म्हणून नमुन्याचे आकडे घेऊ. पूर्ण, चालू, नीटनेटकी गाडी त्या भागात १८०० डॉलरला विकली जाते. समोरच्या गाडीला ट्रॅक ५००, सीट १५०, कार्बोरेटरची किट आणि पेट्रोलच्या नळ्या १००, विंडशील्ड १२०, ट्रेलरचं भाडं १००. एकूण ९७०, उरले ८३०. इंजिन उघडून पाहिलेलं नाही म्हणून आणखी २०० बाजूला काढा आणि बोलणी ६००पासून सुरू करा. आपल्या मेहनतीचे तास यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर साध्या मॉडेलचं पूर्ण रिस्टोरेशन जवळजवळ नेहमीच तोट्यात जातं. हौस म्हणून करा, विकून पैसे वसूल होतील म्हणून नको.

कागद नंतर बघू म्हणणं

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये स्नोमोबिलची नोंदणी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे होते, ऑन्टारिओत सर्व्हिसऑन्टारिओकडे. तीस-चाळीस वर्षं पडून असलेल्या गाडीची नोंदणी विकणाऱ्याच्या वडिलांच्या किंवा आधीच्याच कुणाच्या नावावर असू शकते. पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या कार्यालयाला विचारा की अशा गाडीला कोणती कागदपत्रं चालतात. विक्रीच्या पावतीवर दोघांची नावं, तारीख, रक्कम, मॉडेल, साल आणि सिरियल नंबर हवा. तो नंबर विकणाऱ्याने सांगितलेला लिहू नका, टनेलवरची धूळ पुसून स्वतः वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.