सिग्नल पुकारा, मग बघू

गेल्या वर्षी पेरणीच्या घाईत आमच्या दादानं बांध कोरला. दादाचं म्हणणं, ट्रॅक्टरवाल्याच्या हातून झालं. माझं म्हणणं, ट्रॅक्टरवाल्याला एवढा बांध दिसत नाही का? गाव अमळनेर तालुक्यातलं, जमीन काळी कसदार, गेली किती तर वीतभर. पण त्या वीतभर मातीपायी मी भुसावळच्या घरात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याकडं बघत पडलेला असायचो. मनातल्या मनात दादाशी भांडायचो. दरवेळी मीच जिंकायचो, तरी झोप यायची नाही.

मी रेल्वेत लोको पायलट होतो. इंजिनात आम्ही दोघं असतो, पायलट आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की हात दाखवून तो मोठ्यानं पुकारायचा. एकानं ‘डबल पिवळा’ म्हटलं की दुसऱ्यानंही बघून ‘डबल पिवळा’ म्हणायचं. दोघांनाही दिसतोय तर ओरडायचं कशाला, असं नवीन पोरं विचारतात. कारण पहाटे तीन वाजता डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो. तोंडानं पुकारलं की सिग्नल तिकडं आणि आपण इकडं, हे पुन्हा ध्यानात येतं.

आयुष्यभर रुळावर केलं ते घरात करायचं मला सुचलं नव्हतं. माझी मुलगी मानसशास्त्र शिकलेली. एकदा मी फोनवर तासभर दादाचीच कथा लावली, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही सिग्नल बघताय, पण पुकारत नाही आहात.” तिथून हे सगळं सुरू झालं. तिनं सांगितलेलं आणि मी वर्षभर घासून बघितलेलं असं दोन्ही इथं आहे.

पहिलं काम पुकारण्याचं. मन उसळलं की आधी त्याचं नाव घ्या, ओठ हलतील इतपत तरी घ्याच. ‘मी चिडलोय’ म्हणण्याऐवजी ‘राग आलाय’ म्हणा, जसा पाहुणा आलाय म्हणतो. विचार असेल तर शेपूट जोडा. ‘दादानं मला फसवलं’ हे वाक्य एकटं असलं की ते कोर्टाचा निकाल वाटतं. ‘दादानं मला फसवलं, असा विचार आलाय’ म्हटलं की तीच गोष्ट, पण आता ती समोर ठेवलेली दिसते. मग सिग्नलसारखा त्याचा रंग सांगा. पिवळा असेल तर काम चालू ठेवा. लाल असेल तर फोन हातातून खाली ठेवा, कुणाला काही लिहू नका, बोलू नका. माझ्या फोनात दादासाठी लिहिलेले आणि न पाठवलेले दोन मेसेज अजून आहेत. वाचले की अंगावर काटा येतो.

नाव मात्र नेमकं हवं. इथं घाई करू नका. मी पंधरा दिवस ‘राग, राग’ पुकारत होतो आणि काही फरक पडत नव्हता. एका रात्री पुकारता पुकारताच कळलं की राग वरवरचा आहे. आत टोचत होतं ते वेगळंच. नांगरट कधी करायची, ट्रॅक्टर कुणाचा लावायचा, यातलं दादानं मला काहीच विचारलं नव्हतं. लहान भाऊ, नोकरीवाला, याला काय शेतीतलं कळतं! तो अपमान होता. ‘अपमान’ असं पुकारलं आणि छातीवरचा दगड जरा सरकला. राग, अपमान, भीती, मत्सर, लाज, एकटेपणा. आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही, आपण ‘टेन्शन’ या एकाच डब्यात सगळं कोंबतो.

दुसरी युक्ती ऐकायला वेडगळ वाटेल. स्वतःला नावानं हाक मारायची. ‘मी का चिडलो’ विचारलं की माणूस पुन्हा त्याच डबक्यात उतरतो. ‘बापू का चिडला’ विचारलं की काठावर उभा राहतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. त्याआधी काहींना स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलायला सांगितलं, काहींना स्वतःचं नाव घेऊन. नाव घेणाऱ्यांची धास्ती कमी राहिली आणि भाषणंही सरस झाली. मनातल्या मनात बोललं तरी चालतं. बाजारात उभं राहून ‘बापू, बापू’ करू नका, लोक वेगळा अर्थ काढतील.

यात माझी एक भर आहे. हाक कुठल्या बोलीत मारता याला फार महत्त्व आहे. आमची घरची भाषा अहिराणी. शाळेत आणि रेल्वेत मराठी. ‘बापू, नक्की काय घडलं ते सांग’ असं शुद्ध मराठीत विचारलं की समोर साहेब बसल्यासारखं वाटतं, माणूस सरळ उत्तर देतो, फापटपसारा गळून पडतो. रागाला हे औषध उत्तम. दुःखाला मात्र हा साहेब चालत नाही. तिथं ‘काय व्हयनं तुले, बापू?’ असंच विचारावं लागतं, कारण तसं फक्त आई विचारायची. मग कधी कधी डोळ्यांतून पाणी येतं, येऊ द्यावं. रात्री पडल्यावर मी अजूनही ‘जपी जाय आते’, म्हणजे ‘झोप आता’, म्हणतो स्वतःला. तुमच्या घरात लेवा बोली असेल, भिली असेल, पावरी असेल, तिथलीच हाक वापरून बघा.

तिसरी गोष्ट जागा बदलण्याची, म्हणजे शरीरानं नाही, नजरेनं. आमच्या बांधाच्या टोकाला कडुनिंब आहे. मी डोळे मिटून त्या निंबावर चढून बसलो आणि त्या दिवशीचं भांडण वरून बघितलं. काय दिसलं सांगू? दोन पांढऱ्या केसांची माणसं, एकाच्या हातात विळा, एकाच्या हातात मोबाइल, वीतभर ढेकळांवर उभी राहून एकमेकांकडं बोटं नाचवतायत. एकाची लुंगी सुटत आलीय. तो मीच. ऐंशी वर्षांच्या काकूंचं धड ऐकायला येत नाही, त्या दोघांना चहा घ्यायला बोलावतायत. खरं सांगतो, हसू आलं. त्या दिवशी खालून बघताना यातलं काही दिसलं नव्हतं, काकू तर अजिबातच दिसल्या नव्हत्या.

हे करताना एक पथ्य पाळा. आधी लांब जा, मग ‘का’ विचारा. लांब न जाता ‘का’ विचारत बसलात तर ते चिंतन होत नाही, नुसता रवंथ होतो. शेजारच्याच्या भांडणात आपण सगळे किती शहाणे असतो बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. क्रॉस आणि इगोर ग्रॉसमन यांनी यावरही अभ्यास केला आणि बायबलमधल्या सॉलोमन राजाचं नाव त्याला दिलं. जगाला शहाणपण वाटणारा हा राजा स्वतःच्या घरात मात्र चुकत गेला. त्यांना आढळलं की स्वतःच्या प्रश्नाकडं परक्याच्या नजरेनं बघायला लावलं की हा फरक बराच भरून निघतो. म्हणून मी स्वतःला सोपा सवाल टाकतो. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीच्या मधे आम्ही विसावा घ्यायचो तिथं, एखाद्या असिस्टंट पोरानं ही बांधाची गोष्ट सांगितली असती, तर मी त्याला काय म्हटलं असतं? उत्तर अर्ध्या मिनिटात येतं. ‘मोजणी मागव आणि भावाशी बोलणं तोडू नको.’

एखादा शब्दच काट्यासारखा रुतून बसला असेल तर तो झिजवता येतो. शंभरेक वर्षांपूर्वी टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की एकच शब्द भराभर म्हणत राहिलं तर त्यातला अर्थ गळतो. पुढं स्टीव्हन हेज यांनी ते उपचारात आणलं, त्यांच्याकडं ‘दूध’ या शब्दापासून सुरुवात होते. मी ‘बांध, बांध, बांध’ अर्धं मिनिट म्हणत राहिलो. शेवटी नुसतं तोंडानं ढोलकं वाजवल्यासारखं उरलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुणाला बांधताय?”

काळाचं अंतर तुम्हाला ठाऊक असेलच, दहा वर्षांनी याचं काय वाटेल वगैरे. मला दहा वर्षं फार लांब पडतात. मी पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टेकवतो. आखाजीला बहिणी येतील, निंबाला झोके बांधतील, आमरस आणि पुरणपोळ्या होतील. तेव्हा या रागाचं काय झालेलं असेल? बहुतेक वेळा उत्तर ‘निवलेला असेल’ असं येतं. कधी ‘तसाच असेल’ असं येतं. तसं आलं तर ती गोष्ट खरंच निस्तरायला हवी, असं मी समजतो.

अंगाच्या दुखण्यालाही यातलं पुकारणं चालतं. माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो. पूर्वी मी ‘मेलो’ म्हणायचो. आता लोको शेडच्या मेकॅनिकला बिघाड सांगावा तसा सांगतो. वाटीच्या आतल्या अंगाला, रुपयाएवढी जागा, गरम, वाकवताना जास्त, थांबल्यावर दहा सेकंदांत कमी. यानं गुडघा बरा होत नाही. दुखण्यावर जो वैताग चढतो, तो उतरतो. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो आणि लाइट जाते, तेव्हाही हेच करतो. पण छातीत कळ आली तर वर्णन करत बसू नका, दवाखान्यात जा. आणि ऊन लागून गरगरायला लागलं तर सावली आणि पाणी, मनाचे खेळ नंतर.

आता हे कुठं चालत नाही तेही सांगतो. नोकरीत असताना एका रात्री, चाळीसगावच्या अलीकडं, माझ्या गाडीसमोर एक माणूस आला. भरलेली मालगाडी इमर्जन्सी ब्रेक मारूनही किलोमीटरभर पुढं जाऊ शकते. दिसतो आणि काही करता येत नाही. ते चित्र मी निंबावरून बघायचा प्रयत्न केला तर ते आणखी मोठं झालं. त्याला डॉक्टरच लागले, गोळ्या लागल्या, बोलणं लागलं, सात-आठ महिने गेले. अशा जखमेवर घरगुती युक्त्या चालवू नका. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल तर टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लावा, मराठीतही बोलता येतं.

ताज्या मयताच्या घरातही ही अंतराची भाषा नको. रडायचं ते जवळ बसूनच रडावं. आणि दुसऱ्याला तर हे कधीच शिकवू नका. एकदा बायको तिच्या माहेरच्या गोष्टीवरून तापली होती. मी म्हटलं, “जरा लांबून बघ.” ती म्हणाली, “तुम्हीच व्हा लांब.” संध्याकाळी कळण्याची भाकर आणि ठेचा माझा मीच वाढून घेतला.

अंतर ठेवलं म्हणजे जमीन सोडली असं नाही. लोकांचा इथंच घोटाळा होतो. मी हद्द कायम मोजणीचा अर्ज दिला, फी भरली आणि दादाला स्वतः घरी जाऊन सांगितलं. जाण्याआधी दारातच पुकारून घेतलं होतं. ‘भीती, पिवळा.’ दादा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “दे अर्ज. मी बी यीसू मोजणीले.”

तारीख या महिन्याअखेरची पडलीय. पाण्याची बाटली, टोपी आणि सातबारा पिशवीत काढून ठेवलाय. हद्दीचा दगड माझ्या बाजूला सरकला तर काय पुकारायचं ते ठरवलंय, दादाच्या बाजूला सरकला तर काय, तेही. काकूंकडं चहा मात्र दोघांनी आधी घ्यायचा, असं काल फोनवर ठरलं.