चातुर्मासाचा नेम: आपली उपासना पारखून घ्यायची रीत

आपला मार्ग कोणता, हे नुसत्या विचाराने ठरत नाही. काही दिवस चालून बघावं लागतं, आणि त्यासाठीची मुदत आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेली आहे: आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी. साधारण ११८ दिवस. मध्ये अधिक महिना आला, जसा २०२३ मध्ये श्रावण आला होता, तर मुदत महिन्याने वाढते. या काळात एकच नेम धरायचा, वहीत नोंद ठेवायची आणि कार्तिकीला निकाल लावायचा.

नेम कांदेनवमीपर्यंत पक्का करा. एकादशीच्या दोन दिवस आधी घरोघरी कांदाभजी आणि वांग्याचं भरीत उरकून घेतात, तोच हा दिवस. कागदावर तीन गोष्टी लिहा: काय, किती, कधी. ‘रोज थोडं ध्यान करीन’ हा नेम नव्हे. ‘आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, दोन माळा’ हा नेम.

काय निवडायचं

जिथे आधीपासून ओढ आहे तिथून सुरुवात करा. कमीपणा वाटेल म्हणून अवघड काही घेऊ नका. गाण्यात जीव रमत असेल तर ज्ञानेश्वरांचा हरिपाठ घ्या. अभंग २७, काही प्रतींत २८. चालीवर म्हटले तर अर्धा तास धरा. वाचनाची गोडी असेल तर दासबोध सोयीचा: समास २००, रोज दोन, म्हणजे शंभर दिवस. उरलेले अठरा दिवस तापाला, प्रवासाला, पाहुण्यांना. ज्ञानेश्वरीच्या ९,०३३ ओव्या रोज ७७ प्रमाणे बसतात. अध्यायाच्या हिशेबाने मात्र वाटणी करू नका: बारावा अध्याय २४७ ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या वर, त्यामुळे ऐन शेवटी गाडी अडते.

जपाचा हिशेब सोपा आहे. तेरा अक्षरी राममंत्राला तीन सेकंद धरले तर १०८ मण्यांची माळ साडेपाच मिनिटांत होते. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची.

देव-मंत्र काहीच नको, नुसतं बसायचं आहे, असं वाटणाऱ्यांनी आधी विपश्यनेचं शिबिर करावं, इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा जवळच्या केंद्रात. फी नसते, शेवटी ऐपतीप्रमाणे दान. शिबिर दहा दिवसांचं असलं तरी रजा बारा दिवसांची टाका, कारण आदल्या दिवशी पोहोचायचं आणि अकराव्या सकाळी निघायचं. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. तेवढे दिवस जप-पूजा बाजूला ठेवावी लागते. ते पटत नसेल तर जाऊच नका.

नेम कुठे मोडतो

गणपतीत. एकादशीनंतर जेमतेम पन्नासेक दिवसांनी घर पाहुण्यांनी भरतं, पहाटेपासून मोदकांची गडबड, आणि आषाढात हौसेने घेतलेल्या सोळा माळा तिथेच सुटतात. म्हणून सुरुवातीलाच दोन मापं ठरवा: एक रोजचं, एक अडीअडचणीचं. रोजच्या दोन माळा, गर्दीच्या दिवशी एक. एखादा दिवस बुडालाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. थकबाकी वाढत जाते, मग लाज वाटून सगळंच सुटतं. बुडाला तो बुडाला, वहीत फुली मारा आणि पुढे चला.

रात्री जेवून जपाला बसाल तर डुलक्या येणारच. पाय बधिर होत असतील तर सतरंजीची चौघडी करून माकडहाडाखाली घ्या, नाहीतर सरळ खुर्चीत बसा. सोयर-सुतकात आणि पाळीच्या दिवसांत नेम चालू ठेवायचा का, हे आधीच ठरवा, नाहीतर ऐन वेळी ती पळवाट होते. वारकरी परंपरा नामाला कसलाच विटाळ मानत नाही.

तुमच्या नेमापायी घरातल्या बाईला पाचला उठून बिनकांद्याचा वेगळा स्वयंपाक करावा लागत असेल, तर तो नेम तुमचा नाही, तिचा आहे.

वही

रोज एकच ओळ. ‘श्रावण वद्य पंचमी. दोन माळा, अकरा मिनिटं. मन हिशेबात. दूधवाल्यावर आवाज चढला.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं. डोळ्यांपुढे प्रकाश दिसला, अंगावर काटा आला, हे लिहायला हरकत नाही, पण निकाल त्यावर लावायचा नाही. झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले, तर साधना वाढवू नका. थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

गुरू भेटला तर

घाई नको. वर्षभर नुसतं ऐका. पैशांचा आकडा सांगणारा, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा, औषध बंद करा म्हणणारा, या तिघांना पहिल्याच भेटीत नमस्कार करून निघा. अघोरी उपाय, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षेचा. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. तुळशीची माळ घालायची असेल तर तीही सवडीने. ती घातली की मांसाहार-दारू सुटते, एकादशी आणि पंढरीची वारी गळ्यात येते.

वाट बदलावीशी वाटली तरी तेच. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला केली आणि धम्मदीक्षा नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला घेतली. मधली एकवीस वर्षं धर्मांच्या अभ्यासातही गेली.

कार्तिकीला

सगळी वही एका बैठकीत वाचा. फुल्या मोजा: तीसपेक्षा जास्त असतील तर आधी वेळ बदलून बघा, उपासना नव्हे. पहिल्या आणि शेवटच्या महिन्यातल्या चिडचिडीच्या ओळी शेजारी ठेवा. मग घरातल्या एका माणसाला विचारा, ‘माझ्यात काही फरक पडला का?’ शक्यतो अशा माणसाला, जो तोंडावर सांगेल. फरक असेल तर तोच नेम पुढच्या आषाढीपर्यंत, त्याच मापाने; माळा वाढवू नका. नसेल तर रीतसर उद्यापन करा, देवापुढे नारळ ठेवा, आणि दुसरा नेम नव्या वहीत सुरू करा.