स्फुरलेली ओळ कशी सांभाळावी आणि कशी तपासावी

एखादी ओळ कोणीतरी कानात सांगितल्यासारखी येते, हा अनुभव लिहिणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. तुकोबांनी आपल्या वाणीचे श्रेय भगवंताला दिले, तर प्लेटोच्या एका संवादात कवी दैवी संचारामुळे बोलतो असे सॉक्रेटिस म्हणतो. ती ओळ खरोखर बाहेरून येते की मनाच्या तळातून, हा वाद लिहायला बसण्यापूर्वी मिटवण्याची गरज नाही. (मला ती आतूनच येते असे वाटते, पण लिहिताना तसे मानले की माझा हात आखडतो.)

आलेली ओळ जशीच्या तशी स्वीकारणे आणि नंतर ती पारखणे, या दोन्ही वृत्तींना वेगळी वेळ द्यावी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीच्या दिवसाचे चार प्रहर वाटून दिले: अध्ययन, रचना, काव्यगोष्टी (म्हणजे काव्यावरची चर्चा) आणि शेवटी सकाळच्या रचनेची परीक्षा, कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याला विवेकाची दृष्टी राहत नाही.

नोकरदार ठाणेकराला चार प्रहर कुठून मिळणार? म्हणून अध्ययन आदल्या संध्याकाळीच उरकावे. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय त्यासाठी गावातच आहे. सकाळी तलावपाळीला एकट्याने फेरी मारावी आणि जे सुचेल ते वृत्त, शुद्धलेखन किंवा अर्थ न तपासता, एकही शब्द न खोडता वहीत उतरवावे. ओळ लोकलच्या गर्दीत आली, तर फोनवर हळू आवाजात ध्वनिमुद्रित करावी. शेजारचा प्रवासी विचित्र नजरेने पाहील, पाहू द्यावे.

परीक्षा दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या जागी करावी. ओळ मोठ्याने वाचावी आणि प्रथम एकच प्रश्न विचारावा: ही आधी कुठे ऐकली आहे का? बाहेरून आलेला वाटणारा आवाज पुष्कळदा लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या भावगीताचा असतो, आणि स्वतःच्या ओळीचा अभिमान तिथेच उतरतो. त्यानंतर प्रत्येक विशेषण काढून पाहावे. अर्थ हलला नाही, तर ते परत घालू नये. ‘ही सुचलेली आहे’ एवढ्याच कारणासाठी जी ओळ ठेवावीशी वाटते, तिच्यावर सर्वांत आधी पेन्सिल चालवावी. गणितज्ञ आंरी प्वँकारे यांना गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना एक कल्पना क्षणात आणि पूर्ण खात्रीने सुचली होती. घरी परतल्यावर त्यांनीही ती सवडीने पडताळून पाहिली.