कॉलेजमधून एनबीएच्या वाटेवर: या चुका टाळा

२८ मे २०२५, रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या वर्षीची सगळ्यात महागडी वेळ कुठली असं कुणी विचारलं, तर मी ही सांगेन. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड. या ड्राफ्टमध्ये नाव दिलेल्या मुलाने तोवर नाव मागे घेतलं, तर त्याला कॉलेजकडून पुन्हा खेळता येणार होतं. एनबीएची स्वतःची मुदत होती १५ जून. या दोन तारखांमधले अठरा दिवस फार फसवे असतात. त्या काळातही नाव मागे घेता येतं आणि पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टचा हक्क राहतो. पण एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे कॉलेजच्या संघाचं दार तोवर बंद झालेलं असतं. म्हणजे मुलगा ड्राफ्टमध्येही नाही आणि कॉलेजमध्येही नाही.

इथे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आता बास्केटबॉल खेळणारी मुलं दिसू लागली आहेत. आईबाबांना क्रिकेटचे सगळे बारकावे ठाऊक असतात, या खेळाच्या कागदपत्रांचे मात्र नसतात. माझा भाचा या वाटेने गेला, तेव्हा आम्हालाही काही कळत नव्हतं. म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतो आहे.

आधी संख्या डोळ्यांसमोर असू द्या. एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात पुरुषांचे ३६० हून जास्त संघ आहेत आणि प्रत्येकात साधारण पंधरा मुलं. ड्राफ्टमध्ये जागा फार तर ६०. २०२५ मध्ये तर ५९ च होत्या, आणि त्यातही युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेली मुलं वाटेकरी. ही आकडेवारी घाबरवायला सांगत नाही. ड्राफ्ट म्हणजेच सगळं काही असं धरून चाललं की पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात, हे आम्ही जवळून पाहिलं.

तारखांची गल्लत

वरच्या दोन तारखांखेरीज तिसरीही एक तारीख असते आणि ती सगळ्यांत आधी येते. कॉलेज बदलायचं असेल तर ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालावं लागतं. २०२५ मध्ये ही खिडकी २४ मार्चला उघडली आणि २२ एप्रिलला बंद झाली. मुलं काय करतात? ड्राफ्टमध्ये नाव देतात, मेच्या शेवटी वाटतं की परत जावं, पण जुन्या कोचकडे नको. तोपर्यंत पोर्टल बंद होऊन महिना उलटलेला असतो. ड्राफ्ट अजमावणार असाल आणि कॉलेज बदलण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर पोर्टलचा निर्णय आधी घ्यायचा. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाकडून त्या वर्षीच्या तारखा लेखी मागून घ्या. कोचने तोंडी सांगितलेली तारीख पुरेशी नाही.

आपली जागा चुकीच्या माणसांना विचारणं

इंटरनेटवर डझनभर ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे कोण कितव्या क्रमांकावर निवडला जाईल याचे अंदाज, असतात. त्यातल्या एखाद्यात ४८ व्या क्रमांकावर नाव दिसलं की अख्खं घर हवेत. अशा वेळी विचारायची जागा वेगळी आहे. एनबीएची एक सल्लागार समिती आहे. संघांच्या अधिकाऱ्यांचं मत घेऊन ती कॉलेजच्या खेळाडूला तो पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत की यादीबाहेर जाण्याची शक्यता आहे, ते कळवते. उत्तर रोखठोक असतं. शिकागोच्या कम्बाइनचं (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराचं) बोलावणं येतं की नाही, हाही एक निर्वाळाच. तिथे उंची बुटांशिवाय मोजतात, हातांचा पसारा मोजतात, आणि कॉलेजच्या पुस्तिकेत साडेसहा फूट असलेला मुलगा सहा फूट साडेचार इंच निघतो.

पूर्वी एजंटशी करार केला की कॉलेजची पात्रता गेलीच. २०१८ नंतर ड्राफ्ट अजमावणाऱ्या मुलाला मान्यताप्राप्त एजंटची मदत घेता येते, फक्त परत जायचं ठरलं तर तो करार संपवावा लागतो. त्यामुळे ‘एजंट घेतला, आता मागे फिरता येत नाही’ हा समज आता जुना झाला.

मागे फिरण्यात कमीपणा नाही. ओबी टॉपिनने २०१९ मध्ये नाव दिलं, मागे घेतलं, डेटनला परत गेला आणि २०२० मध्ये आठव्या क्रमांकावर निवडला गेला. झॅक एडी २०२३ मध्ये पर्ड्यूला परतला आणि पुढच्या वर्षी नववा आला. पण याचा अर्थ प्रत्येकाने थांबावं असाही नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या वेतनश्रेणीचा चार वर्षांचा करार मिळतो. पहिल्या दोन वर्षांचे पैसे हमीचे, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती. ती हमी समोर असताना आणखी एक हंगाम गुडघे पणाला लावायचे का, हा प्रश्न खरा आहे. ज्याला वरची जागा पक्की आहे त्याने जावं, असं माझं मत.

हिशेब बदलला तो पैशांमुळे. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूला आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना कमाईतला वाटा देऊ लागली. दुसरीकडे २०२४-२५ मध्ये जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या दुय्यम लीगच्या, साध्या खेळाडूचा पगार हंगामाला सुमारे ४३ हजार डॉलर होता, आणि टू-वे करारवाल्याचा (जो एनबीए आणि जी लीग दोन्हींकडे खेळतो) सुमारे ५ लाख ७८ हजार. एका बऱ्या कॉलेजातल्या बऱ्या खेळाडूला जी लीगच्या पगाराच्या कित्येक पट रक्कम तिथेच मिळू शकते. ‘शिक्षण सोडून पैसे कमवायला जातोय’ हे वाक्य आता दरवेळी खरं नसतं. पाटी-पेन्सिल घेऊन बेरीज करा.

‘शेवटच्या क्रमांकावर का होईना, पण निवड व्हायलाच हवी’

ही चूक मानाची आहे, म्हणून ती सोडवत नाही. टीव्हीवर नाव पुकारलं जावं, आजीने ते ऐकावं, ही इच्छा मला पूर्ण कळते. पण ५५ व्या क्रमांकावर निवड झाली तर तुमचे हक्क त्या एका संघाकडे जातात, आणि त्या संघाकडे तुमच्या जागेवर आधीच चार जण असतील. न निवडलेला खेळाडू मात्र कुठे जायचं ते स्वतः ठरवू शकतो. ऑस्टिन रीव्ह्जने २०२१ मध्ये नेमकं हेच केलं. दुसऱ्या फेरीत त्याला घ्यायची तयारी असताना त्याने नको म्हटलं आणि लेकर्स संघाचा टू-वे करार घेतला, कारण तिथे आपल्याला खेळायला मिळेल असा त्याचा अंदाज होता. फ्रेड व्हॅनव्हिलीट विचिटा स्टेटमध्ये चार वर्षं खेळून २०१६ मध्ये यादीबाहेर राहिला. २०१९ मध्ये तो टोरांटोच्या विजेत्या संघात होता.

आपल्याकडच्या लोकांना आठवणारं नाव म्हणजे सिम भुल्लर. पंजाबी आईबाबांचा, कॅनडात वाढलेला, साडेसात फुटांच्या जवळ उंच. न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन वर्षं खेळून २०१४ मध्ये त्याने ड्राफ्टला नाव दिलं, निवड झाली नाही. तो रीनोच्या डी-लीग (जी लीगचं तेव्हाचं नाव) संघात गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोच्या दहा दिवसांच्या करारावर एनबीएत उतरला. भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. सामने तीनच मिळाले, पण ते यादीबाहेरच्या वाटेने मिळाले.

तेव्हा ड्राफ्टच्या रात्री नाव आलं नाही तर रडून झोपू नका, फोन चार्ज करून ठेवा. त्याच रात्री समर लीगची, म्हणजे एनबीए संघांच्या उन्हाळी सामन्यांची, आणि टू-वेची बोलणी होतात. प्रश्न तीनच विचारा: माझ्या जागेवर संघात किती जण आहेत? करार टू-वे की एक्झिबिट १०? हमीची रक्कम किती? टू-वे खेळाडूला एनबीए संघासोबत जास्तीत जास्त ५० सामन्यांत बसता येतं. एक्झिबिट १० म्हणजे किमान पगाराचा, बिनहमीचा करार. हंगामाआधीच्या सराव शिबिरातून काढल्यावर त्याच संघाच्या जी लीग संघात ६० दिवस राहिलात तरच बोनस. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि घाईत मुलं दोन्हींना ‘एनबीएचा करार’ म्हणतात.

कॉलेजमधला हिरो तिथेही हिरोच राहू पाहतो

यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चांगली चांगली मुलं इथेच अडतात.

मैदान तेच दिसतं, खेळ वेगळा असतो. कॉलेजमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, एनबीएत बारा मिनिटांचे चार. शॉट घ्यायला कॉलेजमध्ये ३० सेकंद, इथे २४. तीन गुणांची रेषा कॉलेजात ६.७५ मीटरवर, एनबीएत मधोमध ७.२४ मीटरवर. शिवाय बचाव करणाऱ्याला कुणाला न धरता बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, त्यामुळे कॉलेजमधला झोन डिफेन्स (माणूस न धरता जागा राखायचा बचाव) जसाच्या तसा चालत नाही. आणि सामने ८२. कॉलेजमध्ये पस्तिसेक.

पण खरा बदल भूमिकेचा. पी. जे. टकरचं उदाहरण घ्या. टेक्सास विद्यापीठात तो २००६ मध्ये बिग १२ या कॉलेजांच्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची साडेसहा फुटांच्या आत, पण बास्केटखाली धडक मारून गुण करायचा. टोरांटोने त्याला ३५ व्या क्रमांकावर घेतलं, त्या हंगामात १७ सामने दिले आणि सोडलं. एनबीएच्या मापात तो बास्केटखालच्या जागेसाठी बुटका होता आणि बाहेरून शॉट मारणारा नव्हता. मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. पाच वर्षं. इस्रायलमध्ये होलोनला त्याने लीग जिंकून दिली, जर्मनीत विजेता ठरला. २०१२ मध्ये फिनिक्सकडे परतला तो वेगळा टकर होता: समोरच्या सगळ्यात धोकादायक माणसाला अडवणारा, कोपऱ्यात उभं राहून तीन गुणांचा शॉट घेणारा. २०२१ मध्ये तो मिलवॉकीबरोबर विजेता झाला.

डंकन रॉबिन्सन तर तिसऱ्या विभागातल्या विल्यम्स कॉलेजात सुरू झाला, मग मिशिगन, मग २०१८ मध्ये यादीबाहेर, मग मायामीचा टू-वे करार. त्याच्याकडे एकच गोष्ट जगातल्या बहुतेकांपेक्षा चांगली होती, शूटिंग. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार मिळाला.

मग मुलाने काय करायचं? ट्रायलला जाण्याआधी स्वतःला विचारायचं: मला सामन्यात आठ मिनिटं दिली आणि चेंडू हातात फारसा येणारच नाही असं सांगितलं, तर मी कशासाठी मैदानावर राहीन? भाच्याने क्लबांना पाठवायला केलेला पहिला व्हिडिओ मला आठवतो. चार मिनिटं नुसते तीन गुणांचे शॉट आणि मागे ढणढणतं संगीत. उत्तरं आली नाहीत. शेवटी एका कोचने कळवलं की दोन पूर्ण सामने पाठव, त्यातला एक हरलेला असू दे. त्यांना बचावात परत धावताना तो कसा दिसतो ते बघायचं होतं.

भारतातून शिष्यवृत्तीवर आलेल्यांसाठी

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर नाव-चेहऱ्याच्या पैशांना हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. जाहिरातीसाठी काम करणं ही व्हिसाच्या अटीत न बसणारी नोकरी धरली जाऊ शकते. कॅनडाच्या एडीलाही, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू असताना, ही अडचण होती. सहखेळाडूने केलं म्हणून तुम्हाला चालतं असं नाही. आणखी एक: परदेशी खेळाडू २२ व्या वर्षी ड्राफ्टला आपोआप पात्र होतो, पण अमेरिकन कॉलेजात प्रवेश घेतलात की त्या व्याख्येतून तुम्ही बाहेर पडता.

पदवीबद्दल थोडंच. अर्धवट राहिली तर पुरी करता येते. स्टीफन करी २००९ मध्ये डेव्हिडसनमधून गेला, पदवी २०२२ मध्ये घेतली. जाण्याआधी किती क्रेडिट उरलीत आणि परत आल्यावर फी कोण भरणार, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

परदेशी क्लबचा करार न वाचता सही

बहुतेकांची व्यावसायिक कारकीर्द इथेच होते, युरोपात किंवा आशियात. भाच्याचीही इथेच सुरू झाली, आणि इथेच आम्ही सपशेल चुकलो. पगार, फ्लॅट, विमानाचं तिकीट, एवढंच पाहून सही केली. जानेवारीपासून दोन महिन्यांचा पगार आला नाही. क्लबवाले गोड बोलायचे, पैसे द्यायचे नाहीत. करारात तंट्यासाठी तिथल्या शहरातलं न्यायालय लिहिलेलं. तिथली भाषा येत नाही, वकील परवडत नाही. ते पैसे गेले.

करारात लवादाचं कलम हवं: तंटा जिनिव्हाच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलकडे जाईल. ‘फिबा’ या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या छत्राखाली २००७ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. एक लवाद निर्णय देतो, कामकाज इंग्रजीत चालतं, आणि क्लबने निकाल पाळला नाही तर ‘फिबा’ त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी करू शकते. त्या बंदीला क्लब घाबरतात. बाकी बघायचं ते असं: रक्कम कर वजा जाता आहे का, दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, वैद्यकीय तपासणी किती दिवसांत उरकायची, ‘चाचणी काळ’ नावाचं कलम लपलंय का, आणि एनबीएचं बोलावणं आलं तर किती पैसे भरून सुटता येईल. पैसे थकले तर किती दिवसांनी खेळाडू मोकळा होतो, तो आकडाही लिहिलेला हवा. थकबाकीची पहिली आठवण ईमेलने द्या, फोनवर नाही. तारीख राहते.

यंदाच्या करारावर सही करण्याआधी भाच्याने मला तो पाठवला. मी शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. लवादाचं कलम नवव्या पानावर होतं आणि त्यावर त्याने आधीच पिवळी रेघ ओढून ठेवली होती.