नवरा-बायकोचं भांडण बसवताना

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आमच्या सांगलीत सीतेचं स्वयंवर उभं केलं. आपल्याला लग्नानंतरचं बसवायचंय, एवढाच फरक.

हौशी पोरं पहिल्याच तालमीला ओरडायला लागतात. मी संहिता काढून घेते आणि हातात डबल बेडची चादर देते. घाला घडी, तोंडं फुगवून. घडीला चार हात लागतात, म्हणजे अबोला असला तरी समोरचा माणूस हवाच. ती झटका देते, तो ओढला जातो, पण टोक सोडत नाही. सोडलं तर हरला. पहिल्या घडीला दोघं जवळ येतात, दुसरीला नाकाला नाक. इथं दोघांनी पुरतं थांबायचं. नुसती बोटं थांबली तर भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेला काही दिसत नाही. श्वास, खांदे, मान, सगळं थांबलं पाहिजे. मग तिला आठवतं, अरे, आपलं भांडण चाललंय! चादर परत फिसकटली. हे दोनदा करा. तिसऱ्यांदा टोकांची अदलाबदल होऊन दोघं चादरीत गुंडाळले जाऊ देत. चौथ्यांदा कुणी हसत नाही.

कारण क्षुल्लक ठेवा. तिच्या माहेरच्या चहाला तो पाणचट म्हणाला, बास. हुंडा, दारू आणलीत की हशा मरतो, आणि मरायलाच हवा.

थोबाडीत मारताना हात गालापासून वीतभर लांबूनच गेला पाहिजे. मार खाणाऱ्यानं प्रेक्षकांकडे पाठ ठेवून छातीशी टाळी वाजवायची, त्याच क्षणी मान फिरवायची. केस ओढायचे तर ज्याचे केस, त्यानंच समोरच्याची मूठ दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरायची. ओढल्याचं सोंग त्याचंच. पडताना गुडघा, कोपर टेकायचं नाही. आधी खाली बसायचं, मग मांडीच्या कडेवर लवंडायचं. हे सगळं आकडे मोजत, संथ. वेग शेवटच्या आठवड्यात.

साडी पहिल्या तालमीपासून. निऱ्या घोट्याच्या वर, पिना लावून.

भडंगाचा डबा उधळायचा मोह इथं प्रत्येकालाच होतो. उधळा की! पण खऱ्या भडंगाला तेल असतं, पाय सटकतो. कोरडे चिरमुरे घ्या, आणि पुढच्या पळापळीआधी नवऱ्याच्या हातात केरसुणी द्या. तो झाडतोय आणि ती पाय वर घेऊन नुसती बघतेय, यावरही हशा येतो.