‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हणजे नेमके किती? वाक्प्रचाराचे मूळ तपासण्याची रीत

मुंबईतल्या मराठी घरांत मोबाईलवर अधूनमधून एक संदेश फिरत येतो. त्यात सांगितलेले असते की ‘विश्वे’ म्हणजे वीस, अठरा गुणिले वीस म्हणजे ३६०, म्हणून अठराविश्वे दारिद्र्य म्हणजे वर्षाचे सगळे दिवस न सुटणारे दारिद्र्य. हिशेब इतका चोख जुळतो की वाचणारा पुढे विचारतच नाही. वाक्प्रचाराच्या मुळाबद्दल असे काही समोर आले, तर ते पुढे पाठवण्याआधी कसे पारखावे, हे याच उदाहरणावरून सांगतो.

प्रथम वाक्प्रचार लोक जसा बोलतात तसा, पूर्ण वाक्यात लिहून घ्यावा. ‘त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते’ हे वाक्य समोर ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते: येथे ‘अठराविश्वे’ हे शब्द ‘पावशेर साखर’ किंवा ‘दहा गुंठे जमीन’ यांतल्या मापासारखे, कोणताही प्रत्यय न घेता नामाआधी बसले आहेत. व्याकरणाची ही खूण जपून ठेवावी, कारण मूळ कोणतेही सांगितले तरी ते या रचनेत बसले पाहिजे.

त्यानंतर कोश उघडावेत. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, कृ. पां. कुलकर्णी यांच्या व्युत्पत्तिकोशासाठी मात्र दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी एक दुपार काढावी, आणि ती खरोखर आनंदाची जाते. शोधताना केवळ ‘अठराविश्वे’ पाहून थांबू नये. ‘विश्वा’, ‘विसवा’, ‘बिस्वा’, ‘विसा’ ही सर्व रूपे पाहावीत, कारण बोलण्यातल्या ‘स’चा लिहिताना ‘श’ होणे आणि परिचित संस्कृत शब्दासारखे रूप त्याला मिळणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे.

आता पर्याय समोर मांडावेत. ३६० दिवसांच्या मताला आधार नाही असे नाही. चांद्रवर्षाच्या बारा महिन्यांत प्रत्येकी तीस याप्रमाणे ३६० तिथी होतात, आणि विसाविसाने मोजण्याची पद्धत मराठीत होतीच. माझी आजी गिरगावात नारळांचा हिशेब ‘तीन विसा आणि पाच’ असा करीत असे. परंतु पाच विसा झाले की तिचा शेकडा भरे आणि पुढची मोजणी शेकड्यांत चाले. अठरा विसांपर्यंत कोणी मोजत गेल्याचे मी ऐकलेले नाही.

दुसरे मत विसाव्या हिश्शाचे आहे. उत्तर हिंदुस्थानात बिस्वा म्हणजे बिघा या जमिनीच्या मापाचा विसावा भाग, आणि हिंदीत ‘बीसों बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, निःसंशय. आपण ‘सोळा आणे खरे’ म्हणतो तसेच. ज्योतिषातही ग्रहाचे ‘विंशोपक बल’ विसापैकी मोजतात. या मताने अठराविश्वे म्हणजे विसातले अठरा हिस्से, शेकडा नव्वद. रचना मापाची असल्यामुळे हे मत वाक्यात सहज बसते आणि ‘विसवे’चे ‘विश्वे’ होण्यासाठी ‘व’ बाहेरून आणावा लागत नाही.

येथे घाईने निकाल देऊ नये. आपल्याला पटलेल्या मताच्या अडचणीही तितक्याच काटेकोरपणे लिहाव्यात. महाराष्ट्रातल्या जुन्या जमीनमोजणीत बिघ्याच्या विसाव्या भागाला पांड म्हणत, तेव्हा विसव्याचा शब्द कोणत्या वाटेने आला हे दाखवावे लागते. शिवाय पूर्ण दारिद्र्य सांगायचे तर वीसच का नाहीत? यावर ‘अठरापगड जाती’, ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ अशा प्रयोगांत ‘अठरा’ हा आकडा ‘पुष्कळ, सर्व प्रकारचे’ या अर्थाने येतो, असे उत्तर देता येते. मात्र ते अनुमान आहे आणि नोंदीत तसेच लिहावे. ‘विश्व’ म्हणजे जग घेऊन अठरा जगांचे दारिद्र्य असा अर्थ लावणारेही भेटतात. त्यासाठी आधी अठरा विश्वांची गणना कोठे आहे ते दाखवावे लागेल.

शेवटी प्रत्येक मतापुढे त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा आणि त्याचे साल लिहावे, आणि पुरावा नसेल तेथे जागा कोरी सोडावी. माझा कौल आज विसाव्या हिश्शाच्या बाजूने आहे. उद्या एखाद्या जुन्या हिशेबाच्या वहीत किंवा पोथीत ‘अठरा विसा दिवस’ असा प्रयोग वर्षाच्या अर्थाने सापडला, तर मी तो बदलीन.