पवित्र भूमीच्या यात्रेतल्या चुका : बऱ्याचशा गावातच होऊन जातात

आमच्यातल्या नऊ जणांचं विमान चुकलं ते मुंबईत नाही, इगतपुरीला. गाडी घाटाच्या अलीकडे अडीच तास उभी राहिली आणि पुढचा सगळा हिशोब कोलमडला. बाकीचे बावीस जण आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन एका चर्चच्या हॉलमध्ये झोपले होते, म्हणून वाचले. आम्ही नऊ जण हुशार. "बडनेऱ्याहून रात्री बसायचं, सकाळी मुंबई, दुपारी विमान. एक दिवसाचं राहणं कशाला?" असं मीच सगळ्यांना पटवलं होतं. नवी तिकिटं काढताना जे पैसे गेले, त्यात मुंबईत चार दिवस राहणं झालं असतं.

ही गोष्ट २०१८ च्या फेब्रुवारीतली. दारव्हा, दिग्रस, कारंजा भागातल्या चार ख्रिस्ती मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) मिळून आम्ही एकतीस जण जॉर्डन, इस्राएल आणि इजिप्त अशा यात्रेला निघालो होतो. बहुतेक शेतकरी, दोन नर्सबाई, माझ्यासारखे तीन निवृत्त मास्तर. दुसऱ्या वर्षी आणखी एका गटाबरोबर गेलो, तेव्हा तरी गाडीच्या बाबतीत शहाणा झालो होतो. तेव्हापासून आमच्या भागात कुणी जायचं ठरवलं की फोन येतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

नाव

पहिला घोळ नावाचा. आपल्याकडे माणसाला तीन नावं असतात. शाळेच्या टीसीवर एक, आधारवर दुसरं आणि मंडळीत तिसरं. आमच्या एका मावशींचं टीसीवर शांताबाई, आधारवर शांता, आणि बाप्तिस्म्याचं नाव तर वेगळंच. पासपोर्टला सगळीकडे एकच स्पेलिंग लागतं, आणि पासपोर्टवर जे आहे तेच विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसावर लागतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी विमानतळावर तोंडचं पाणी पळतं.

बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन पासपोर्टच्या कार्यालयात जाऊ नका, तिथे त्याचा उपयोग नाही. टीसी, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांतली नावं आणि जन्मतारखा आधी घरी बसून जुळवा. जुळत नसतील तर आधी आधार दुरुस्त करा आणि मगच अर्ज भरा. साठीच्या पुढच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट असते, ती सोडू नका. पासपोर्ट जुना असेल तर यात्रेच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, ते बघा. आमच्यातल्या एकाची साडेचार महिने होती. ते गावातच राहिले.

आडनावाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय आपल्याकडे जुन्या लोकांना आहे. तसं करू नका. पुढे प्रत्येक काउंटरवर तोच प्रश्न येतो.

पैसे

पैसे देण्याआधी दोन गोष्टी. ऑक्टोबर २०२३ पासून त्या भागात युद्धाची परिस्थिती आहे, कधी निवळते, कधी भडकते. म्हणून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशांबद्दलची सूचना आधी वाचा. आणि यात्रा रद्द झाली तर किती पैसे परत, किती दिवसांत, हे कागदावर घ्या. "पास्टर साहेबांच्या ओळखीचे आहेत" ही पावती नव्हे. भल्या माणसालाही पावती मागायची असते. उलट भला माणूस न मागता देतो.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना हमखास माहीत नसते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा असतो आणि आयकर विवरण भरलं की हिशोबात परत मिळू शकतो. पण शेतकरी माणूस म्हणतो, मला कर लागतच नाही, मी विवरण कशाला भरू? मग पैसे तिथेच राहतात. पॅन द्या, कापलेल्या रकमेचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि त्या वर्षी विवरण भरा.

हवा आणि चपला

तूर निघाली, कापूस विकला की हातात पैसा येतो, म्हणून आपल्याकडचे गट जानेवारी-फेब्रुवारीत निघतात. तिकडे तेव्हा पावसाळा असतो! आपला पाऊस जूनचा, त्यांचा हिवाळ्यातला. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) 'आगोटीचा आणि वळवाचा पाऊस' येतो. आपण तो आयुष्यभर आपल्या आगोटीसारखाच, म्हणजे जूनमधल्या पावसाळ्याच्या सुरुवातीसारखाच, समजून ऐकलेला असतो. त्यांची आगोट ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, आणि वळवाचा पाऊस मार्च-एप्रिलात, पीक भरताना. हे मला तिथे भिजल्यावर कळलं. यरुशलेम (जेरुसलेम) साडेसातशे मीटरवर आहे, वारा बोचरा, आणि आम्ही सगळे स्वेटर विसरून छत्रीशिवाय. छत्री, कानटोपी, एक जाड जाकीट. बस.

चपलांचं तर बोलूच नये. जुन्या शहराच्या गल्ल्यांतले दगड शतकानुशतकं पायांनी घासून आरशासारखे झालेत, पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे. पट्ट्याची चप्पल घालून गेलेल्या दोन बाया पहिल्याच दिवशी पडल्या. साडीवर बूट शोभत नाहीत म्हणून लाजू नका. नवे बूटही नेऊ नका. महिनाभर आधीपासून घालून शेतात फिरा.

डोक्याचं उलटसुलट आहे. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची, यरुशलेममध्ये यहुदी लोक जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीजवळ मात्र पुरुषांनी डोकं झाकायचं. खांदे आणि गुडघे सगळीकडे झाकलेले हवेत.

मनातली नदी आणि तिथली नदी

खरी फजिती इथे होते. प्रभू येशूचा बाप्तिस्मा जिच्यात झाला ती यार्देन (जॉर्डन) नदी आपण लहानपणापासून संडे स्कूलच्या चित्रांत पाहिलेली असते, तीच मनात घेऊन जातो. निळं, रुंद पाणी, वर कबुतर. यरीहोजवळच्या कासर अल-याहूदला बस थांबली, पायऱ्या उतरून आम्ही काठाशी गेलो. समोर मातकट पाण्याचा एक ओहोळ. पलीकडच्या काठावर जॉर्डन देश, मध्ये दोरी. आमच्या गटातल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "अव माय व! हे तं आपल्या अडाणहून बी लायनी हाय!" अडाण ही आमच्या भागातली नदी. सगळे हसले, पण दोन-तीन चेहरे खरंच उतरले. एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, आपल्याले दुसऱ्याच जागी तं नाही नं आणलं?"

जागा चुकलेली नव्हती. वरचं पाणी वळवलं जातं. गालील सरोवरातून इस्राएल पाणी उचलतं, यार्मूक ही मोठी उपनदी सीरिया आणि जॉर्डन वापरतात. वर धरण झालं की खालच्या नदीचं काय होतं, हे यवतमाळच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. पण ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वेळी मी निघण्याआधीच्या प्रार्थनासभेत सांगितलं, आणि त्या गटात एकही चेहरा उतरला नाही. मोठं, हिरवं पाणी बघायचंच असेल तर गालील सरोवरातून नदी निघते तिथे यार्देनीत नावाची जागा आहे. प्रभूच्या बाप्तिस्म्याची परंपरा मात्र खालच्या जागेची. पलीकडच्या काठावर, जॉर्डनमध्ये, अल-मघतास आहे. ते २०१५ पासून जागतिक वारसायादीत आहे.

तिथे पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा की नाही, हा वाद नदीकाठी घालू नका. गावात पाळकांना विचारून ठरवून जा. आणि आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. त्या परिसरात जुन्या युद्धातले सुरुंग पेरलेले होते.

दोन कबरी

आमच्या गटात सर्वांत मोठं भांडण झालं ते यरुशलेमला. प्रभू येशूची कबर नेमकी कोणती, यावरून.

पवित्र कबरेचं चर्च जुन्या शहराच्या मधोमध, बाजाराच्या गर्दीत आहे. आत शिरलं की अंधार, धूप, मेणबत्त्या, दिवे. उजवीकडे अरुंद जिन्यानं वर चढलं की गुलगुथा (कवटीची जागा), म्हणजेच कालवरी, जिथे प्रभूला वधस्तंभावर दिलं ते ठिकाण, आणि त्याच छपराखाली थोड्या अंतरावर कबर. आमच्यातले बहुतेक प्रॉटेस्टंट. त्यांना टेकडी हवी होती, गाण्यातली कालवरीची. "हे चर्च आहे, टेकडी कुठे आहे?" एका भाऊंनी आत यायलाच नकार दिला. मूर्तींना हात लावून डोळ्यांना लावणारी गर्दी बघून ते आणखी बिथरले. दोन कॅथलिक कुटुंबं आमच्यासोबत होती, त्यांना ते लागलं. पूर्ण एक दिवस बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाइडनं बागेतल्या कबरीकडे नेलं. दमास्कस वेशीच्या बाहेर, शांत बाग, खडकात कोरलेली खोली, शेजारी कवटीसारखा दिसणारा कडा. भाऊ खूश. "हीच खरी!" मग कॅथलिक बाई चिडल्या.

हे सगळं टाळता आलं असतं. पहिलं चर्च सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, इसवी सन ३३५ मध्ये समर्पित झालेलं. आजची इमारत बरीचशी क्रुसेडरांच्या (बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या) वेळची. बागेतली कबर पुढे आली ती ब्रिटिश सेनाधिकारी जनरल गॉर्डन यांच्यामुळे, १८८३ च्या सुमारास. पुरातत्त्वाच्या बहुतेक अभ्यासकांचा कल पहिल्या जागेकडे आहे. आणि वधस्तंभ तर नगराच्या बाहेर होता, मग ही जागा शहरात कशी, या प्रश्नालाही उत्तर आहे. त्या वेळी ती वेशीबाहेरच होती. हेरोद अग्रिप्पा राजानं दहा-बारा वर्षांनी नवी तटबंदी उभारायला घेतली, त्यात ती आत आली. कारंजा किंवा यवतमाळच्या बाहेर असलेली स्मशानं आज भर वस्तीत आली आहेत, तसंच.

मी तरी असं सांगतो : पहिल्या जागी इतिहास बघा, दुसऱ्या जागी बसून प्रार्थना करा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घ्यायचं असेल तर बागेत आधी वेळ राखून ठेवता येते. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये शनिवार-रविवारी दुपारी जाऊ नका. कबरीपुढची रांग दोन-दोन तासांची होते आणि आत काही क्षण मिळतात. पहाटे गेलात तर बरं. तिथे सहा पंथांचे लोक उपासना करतात, आपापल्या वेळा आणि कोपरे वाटून, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे. दुसरं घराणं दार उघडतं. आमच्या भांडणानंतर हे ऐकून सगळेच जरा वरमले.

बाकीचं थोडक्यात

बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात येतं, मध्ये तपासणी नाका आहे. पासपोर्ट हॉटेलवर ठेवून बसमध्ये बसू नका. इस्राएलमध्ये शिरताना पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी चिठ्ठी देतात, ती कचरा समजून फेकू नका. जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. कंबरदुखी असलेल्यांनी आधीच सांगावं.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. यहुदी भागात दुकानं, गाड्या बंद. औषधं, पाणी शुक्रवारी दुपारीच घेऊन ठेवा.

यरुशलेमहून क्षार समुद्राकडे (मृत समुद्राकडे) तासाभरात सुमारे बाराशे मीटर खाली उतरतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याला येताना कान दडतात, तसेच दडतात, जास्त. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत माणूस यरुशलेमहून यरीहोला 'खाली' का जातो, ते तेव्हा पोटात कळतं. पाण्यात उताणं तरंगा, तोंड बुडवू नका, आदल्या दिवशी दाढी करू नका. पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

इजिप्तमधला सीनाय पर्वत २,२८५ मीटर. मध्यरात्री चढायला सुरुवात करतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली मठाच्या गावात झोपावं, यात कमीपणा नाही. उंट अर्ध्यापेक्षा वरपर्यंत नेतो, शेवटच्या साडेसातशे पायऱ्या मात्र स्वतःच्याच.

बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. जेवणाचं फार मनावर घेऊ नका. फलाफल म्हणजे हरभऱ्याचे वडेच. ठेचा डब्यात नेला तर पहिल्या दोन दिवसांत संपतो, हा अनुभव. गालीलकाठी 'पेत्राचा मासा' म्हणून भरपूर पैसे घेऊन जो वाढतात, तो आपल्या धरणातल्या चिलापीचा भाऊबंद. खायचा असेल तर हौसेनं खा, फसवणूक म्हणून नको.

विमानतळावर विचारतात, बॅग कुणी भरली, कुणी काही दिलं का? खरं सांगा. आणि शेजारच्यांनी दिलेलं बांधलेलं पुडकं मुळीच घेऊ नका, ते लाडूंचं असलं तरी.

शेवटी यार्देनचं पाणी. पहिल्या वेळी सहा जणांच्या बाटल्या परतीच्या तपासणीत काढून घेतल्या, कारण त्या हातातल्या पिशवीत होत्या. तिथे शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. दुसऱ्या वेळी सगळ्या बाटल्या मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी, तीन पॉलिथिनच्या पिशव्या, मध्ये कपडे. तरी माझी एक गळली. बायकोच्या पांढऱ्या साडीवर त्या मातकट पाण्याचा डाग अजून आहे. ती साडी ती फक्त नाताळला नेसते.